पुतळे कोणाचे, गोदी कोणाची?
गव्हनच्या सांस्कृतिक पुनर्बांधणीचा इतिहास

१

जहाज पाण्यात उतरते त्या दिवशी व्यासपीठावर मालक असतो, पाहुणे असतात, नामकरण करणारी एखादी प्रतिष्ठित बाई असते. ज्यांनी पोलाद वाकवले, रिव्हेट ठोकले, लाकूड तासले ते खाली गर्दीत उभे असतात. बांधणाऱ्या हातांची नोंद हजेरीपटाखेरीज कोठेही राहत नाही आणि गोदी बंद पडली की तो हजेरीपटही रद्दीत जातो. श्रमिकांच्या वस्तीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती हीच. स्मृती जतन करण्याची साधने, म्हणजे इमारती, पुतळे, ग्रंथालये आणि दफ्तरे, श्रमिकांच्या मालकीची नसतात. श्रम त्यांचे असतात, स्मारके दुसऱ्यांची असतात.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात, क्लाइड नदीच्या दक्षिण तीरावर गव्हन नावाची वस्ती आहे. जहाजबांधणीने ती वाढवली आणि जहाजबांधणीच्या ऱ्हासाने ती मोडली. त्यानंतर तेथील माणसांनी आपली वस्ती, आपले कसब आणि आपला इतिहास पुन्हा आपल्या हाती घेण्याचे जे प्रयत्न केले, त्यांचा विचार या लेखात करावयाचा आहे. 'सांस्कृतिक पुनरुज्जीवन' हा शब्द अलीकडे सरकारी कागदांत फार स्वस्त झाला आहे. ओसाड गोदीवर एखादे प्रदर्शन भरवले, भिंती रंगवल्या, म्हणजे पुनरुज्जीवन झाले असे मानण्याची पद्धत पडली आहे. म्हणून पुनरुज्जीवन कोणी केले, कोणासाठी केले आणि ते झाल्यावर जागेची मालकी कोणाकडे राहिली, हे तीन प्रश्न प्रथमपासून डोळ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे.

मुंबईच्या वाचकाला गव्हन अगदीच परके नाही. अँकर लाइन या कंपनीची 'सर्केशिया' (१९३७), 'सिलिशिया' (१९३८) आणि 'कॅलिडोनिया' (१९४८) ही प्रवासी जहाजे गव्हनच्या फेअरफील्ड गोदीत बांधली गेली आणि ब्रिटन ते मुंबई या मार्गावर १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत धावली. अशा ब्रिटिश जहाजांवर हिंदी खलाशी, कोळसेवाले आणि गोमंतकीय नोकर गोऱ्या खलाशांच्या वेतनाच्या एका लहानशा अंशावर राबत. म्हणजे जहाज बांधणारा गव्हनचा कामगार आणि ते चालवणारा आपल्याकडचा खलाशी हे दोघेही एकाच साम्राज्याच्या नफ्यासाठी घाम गाळीत होते. पण ते एकमेकांना ओळखत नव्हते. ही ओळख का झाली नाही, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

२

गव्हनचा इतिहास गोदीपासून सुरू होत नाही. इसवी सन ८७० मध्ये व्हायकिंगांनी डम्बार्टनचा किल्ला जिंकल्यानंतर स्ट्रॅथक्लाइड या जुन्या राज्याचे केंद्र नदीच्या वरच्या अंगाला, गव्हनच्या परिसरात सरकले, असे पुरातत्त्वज्ञ मानतात. नवव्या ते अकराव्या शतकातील कोरीव दगडांचा मोठा साठा येथील जुन्या चर्चच्या आवारात सापडला, तो याच काळाचा. अठराव्या शतकात गव्हन हे विणकरांचे आणि शेतकऱ्यांचे खेडे होते.

१८४१ मध्ये रॉबर्ट नेपियर याने येथे लोखंडी जहाजांची गोदी सुरू केली आणि खेड्याचे रूप पालटले. १८६४ मध्ये गव्हनला स्वतंत्र नगरपालिका मिळाली. त्याच वर्षी जॉन एल्डर याच्या कंपनीने फेअरफील्डच्या शेतजमिनीवर आपली गोदी हलवली. तेव्हा गव्हनची वस्ती सुमारे ९,००० होती. १९१२ मध्ये हे नगर ग्लासगोत विलीन करण्यात आले तेव्हा ती ९०,००० च्या घरात गेली होती. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून हुसकावलेले शेतकरी आणि आयर्लंडमधील दुष्काळाने देशोधडीला लागलेली कुटुंबे या आकड्यात आहेत. पहिल्या महायुद्धापूर्वी जगात बांधल्या जाणाऱ्या जहाजांच्या एकूण टनभारापैकी सुमारे एक पंचमांश टनभार क्लाइडकाठी बांधला जात असे. आणि तो बांधणारी माणसे चार मजली दगडी चाळींत राहत. एका खोलीत अख्खे कुटुंब, आणि जिन्याच्या वळणावर अनेक बिऱ्हाडांना मिळून एक संडास.

मालकवर्गाने या वस्तीला काहीच दिले नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. जॉन एल्डरच्या विधवा पत्नी इझाबेला एल्डर यांनी १८८५ मध्ये पतीच्या स्मरणार्थ एल्डर पार्क दिला. १९०३ मध्ये त्यांनी दिलेले ग्रंथालय अँड्र्यू कार्नेगी यांच्या हस्ते उघडले. स्त्रियांच्या उच्च आणि वैद्यकीय शिक्षणालाही या बाईंनी सढळ मदत केली. फेअरफील्डचे मालक सर विल्यम पिअर्स यांच्या स्मरणार्थ त्यांच्या पत्नीने १९०६ मध्ये पिअर्स इन्स्टिट्यूट ही सामाजिक कार्याची वास्तू दिली. या देणग्यांनी गव्हनच्या मुलांना वाचायला पुस्तके आणि खेळायला हिरवळ मिळाली.

परंतु दान आणि हक्क यांत फरक आहे. बाग मिळते पण घरभाडे ठरवण्याचा अधिकार मिळत नाही. ग्रंथालय मिळते पण कामाचे तास ठरवण्याचा अधिकार मिळत नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गव्हनमध्ये जे पुतळे उभे होते, ते जॉन एल्डर, इझाबेला एल्डर आणि पिअर्स यांचे. ज्यांच्या श्रमांतून ही संपत्ती निर्माण झाली त्यांचा एकही नव्हता. संस्कृतीचे हे पहिले प्रारूप होय: वरून खाली आलेले, उपकाराचे.

३

दुसरे प्रारूप चाळीच्या जिन्यावर जन्मले आणि ते स्त्रियांनी घडवले. महायुद्ध सुरू होताच दारूगोळा आणि युद्धनौकांच्या कामासाठी हजारो कामगार क्लाइडकाठी लोटले. घरांची टंचाई होताच घरमालकांनी भाडी वाढवली, काही ठिकाणी पंचवीस टक्क्यांपर्यंत. पुरुष गोदीत किंवा आघाडीवर होते. वाढीव भाडे न देण्याचा निर्धार गव्हनच्या स्त्रियांनी केला. त्यांच्या पुढारी होत्या मेरी बार्बर. एका विणकराची मुलगी आणि गोदी कामगाराची पत्नी, अशी ही बाई.

लढ्याची पद्धत साधी होती. जिन्याच्या तोंडाशी एक बाई घंटा घेऊन बसे. जप्तीचा बेलीफ दिसला की ती घंटा वाजवी; चाळीतल्या साऱ्या बायका हातातले काम टाकून जिना अडवीत आणि बेलीफाला पिठाने माखून परत पाठवीत. स्वयंपाकघरातील वस्तू ही त्यांची शस्त्रे होती. नोव्हेंबर १९१५ पर्यंत ग्लासगोत सुमारे २०,००० कुटुंबे या भाडेबंदीत उतरली होती. भाडे थेट कामगारांच्या पगारातून कापून घेता यावे म्हणून काही जणांवर खटले भरण्यात आले. तेव्हा १७ नोव्हेंबर १९१५ रोजी हजारो स्त्रिया न्यायालयावर चालून गेल्या आणि गोद्यांतील कामगार काम बंद करून त्यांना येऊन मिळाले. खटले सोडून देण्यात आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने भाडी युद्धपूर्व पातळीवर गोठवणारा कायदा केला. याच युद्धाच्या ओघात १९१८ मध्ये मुंबईतही भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

मेरी बार्बर १९२० मध्ये गव्हनमधून नगरसभेवर निवडून आल्या. धुण्याची घरे, मुलांना दूध, खेळाची मैदाने, स्त्रियांसाठी संततिनियमन केंद्र असे त्यांचे कार्य आहे. १९५८ मध्ये त्या वारल्या. आणि नंतर शहर त्यांना जवळजवळ विसरून गेले. लढ्याचे फळ म्हणजे कायदा टिकला, पण लढणारीचे नाव टिकले नाही.

या उज्ज्वल पानाची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. क्लाइडचा कामगारवर्ग एकजिनसी नव्हता. कुशल कामे आणि उमेदवारीच्या जागा बहुतेक प्रोटेस्टंटांच्या हाती होत्या. आयरिश कॅथलिकांच्या वाट्याला हमालीची, कमी पगाराची कामे येत. नाव काय, शाळा कोणती, एवढ्यावरून फोरमन माणसाचा धर्म ओळखत असे. गव्हनमधील आयब्रॉक्स मैदानावर खेळणाऱ्या रेंजर्स या फुटबॉल संघाने विसाव्या शतकात दीर्घकाळ कॅथलिक खेळाडू घेण्याचे टाळले. हा अलिखित नियम उघडपणे मोडला तो १९८९ मध्ये.

वर्णद्वेषही होताच. २३ जानेवारी १९१९ रोजी ग्लासगो बंदरात कामाच्या जागांवरून गोऱ्या खलाशांनी कृष्णवर्णीय खलाशांवर हल्ला केला, आणि पोलिसांनी अटक केली ती मुख्यतः हल्ला झालेल्यांनाच. त्या दिवशी खलाशांच्या सभेत बिगरगोऱ्या कामगारांविरुद्ध बोलणारे इमॅन्युएल शिनवेल हेच त्या आठवड्यात आठवड्याला चाळीस तासांच्या कामासाठी लढणाऱ्या संपाचेही पुढारी होते. कामाचे तास कमी व्हावेत म्हणून लढणारा पुढारी दुसऱ्या कामगाराच्या कातडीचा रंग पाहत होता. श्रमिकांमधल्या या उतरंडीचा अर्थ आपल्या वाचकांना निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. जहाज बांधणारा आणि जहाज चालवणारा एकमेकांना का ओळखू शकले नाहीत, याचे उत्तर येथे आहे.

४

दुसऱ्या महायुद्धानंतर जपान आणि इतर देशांतील नव्या गोद्या पुढे गेल्या. क्लाइडकाठच्या मालकांनी वर्षानुवर्षे नफा काढला होता, पण यंत्रसामग्री जुनीच ठेवली होती. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी गव्हनची हारलँड अँड वुल्फ गोदी बंद झाली. १९६८ मध्ये लिंटहाउसची स्टीफन गोदी बंद झाली. त्याच वर्षी उरलेल्या गोद्या एकत्र करून 'अप्पर क्लाइड शिपबिल्डर्स' ही कंपनी स्थापण्यात आली. जून १९७१ मध्ये सरकारने तिला आणखी कर्ज नाकारले आणि ती दिवाळ्यात निघाली.

यानंतर जे घडले ते कामगार चळवळीच्या इतिहासात वेगळे आहे. कामगारांनी संप केला नाही. ३० जुलै १९७१ पासून त्यांनी गोद्या ताब्यात घेऊन काम चालू ठेवले. ज्यांना कामावरून कमी केले त्यांनाही त्यांनी कामावर येऊ दिले आणि त्यांचे वेतन देणग्यांतून उभ्या केलेल्या निधीतून दिले. गव्हनमध्ये जन्मलेले जिमी रीड हे या लढ्याचे एक पुढारी होते. गोदीत दंगा होणार नाही, मोडतोड होणार नाही, दारू पिऊन कोणी येणार नाही, कारण जगाचे डोळे आपल्यावर आहेत, असे त्यांनी सहकाऱ्यांना बजावले. फेब्रुवारी १९७२ मध्ये सरकारला माघार घेऊन ३.५ कोटी पौंडांची मदत जाहीर करावी लागली. त्याच वर्षी ग्लासगो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले रेक्टर म्हणून रीड यांनी जे भाषण केले, त्याचा विषय परात्मता हा होता. स्वतःच्या जीवनाविषयीचे निर्णय दुसरेच घेतात, ही जाणीव माणसाला आतून पोखरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. गव्हनची पुढची सारी सांस्कृतिक धडपड या एका विचाराच्या आधाराने समजून घेता येते.

गोदीवर जे संकट आले तेच घरांवरही आले होते. जुन्या चाळी सरसकट पाडून माणसांना शहराबाहेरच्या वसाहतींत पाठवण्याचे नगरपालिकेचे धोरण होते. घरासोबत शेजार, दुकान, शाळा, सारेच तुटत होते. १९७० च्या सुमारास टॅरान्से स्ट्रीटवरील रहिवाशांनी रेमंड यंग या तरुण वास्तुविशारदाच्या साहाय्याने वेगळा मार्ग काढला. चाळ पाडायची नाही. आहे तेथेच राहून प्रत्येक बिऱ्हाडात संडास-न्हाणी बसवून घ्यायची. यातून १९७१ मध्ये गव्हनमध्ये रहिवाशांच्या नियंत्रणाखालील गृहनिर्माण संस्था उभी राहिली आणि पुढे ग्लासगोतील अनेक वस्त्यांनी हाच कित्ता गिरवला. हे सांस्कृतिक कार्य नव्हे, असे कोणी म्हणेल. पण माणसे आपल्या जागी टिकली नाहीत तर संस्कृती टिकायची कोणाच्या आधारे?

याउलट उदाहरण १९८८ चे. गव्हनच्या हद्दीतील प्रिन्सेस डॉक हे जुने बंदर बहुतांशी बुजवून त्यावर सरकारी पुढाकाराने 'ग्लासगो गार्डन फेस्टिव्हल' भरवण्यात आले. पाच महिन्यांत सुमारे ४३ लाख लोक आले. फुलांचे ताटवे, आगगाड्या, उंच मनोरा, सारे काही होते. सप्टेंबरात उत्सव संपला, फुले उपटली गेली आणि त्या जमिनीचा मोठा भाग पुढे अनेक वर्षे रिकामा पडून राहिला. नंतर तेथे विज्ञान केंद्र (२००१) आणि बीबीसीचे कार्यालय (२००७) आले. शेजारच्या गव्हनमधील बेकार वेल्डरला त्यांपैकी किती दारे उघडी होती, हे विचारण्याजोगे आहे. हे संस्कृतीचे तिसरे प्रारूप: नेत्रदीपक, बाहेरच्यांसाठी आणि हंगामी.

५

ज्यांना स्वतःचे काही उभारायचे होते, त्यांच्यापुढे एक जुने उदाहरण होते. १९३० च्या मंदीत गव्हनच्या जुन्या चर्चचे पाद्री जॉर्ज मॅकलाउड यांनी बेकार कारागिरांना घेऊन एक पडकी गिरणी दुरुस्त केली. १९३८ मध्ये त्यांनी आयोना बेटावरील मोडकळीस आलेला मठ पुन्हा बांधण्याचे काम हाती घेतले. गव्हनचे गवंडी-सुतार आणि धर्मशास्त्राचे पदवीधर तेथे एकत्र राबले. दगड कसा बसवायचा हे कारागीर जाणत होते. पदवीधर त्यांच्या हाताखाली शिकत होते. ज्ञानाची नेहमीची उतरंड तेथे काही काळ तरी उलटी झाली.

हाच धागा १९९० च्या दशकात कॉलिन मॅकलाउड (१९६६–२००५) यांनी उचलला. जॉर्ज मॅकलाउड यांच्याशी त्यांचे केवळ आडनावाचे साम्य. ते श्रमिक वस्तीत वाढलेले. पोलक येथील सार्वजनिक उद्यानातून मोटाररस्ता काढण्याच्या योजनेविरुद्ध त्यांनी झाडांवर ठाण मांडले होते. रस्ता झाला, पण त्या आंदोलनात जमलेली माणसे विखुरली नाहीत. १९९७ मध्ये कॉलिन व त्यांच्या पत्नी गेहान यांनी गव्हनमध्ये 'गालगेल ट्रस्ट' स्थापन केला. हे नाव नवव्या शतकातील आहे. परका आणि स्थानिक अशा दोन शब्दांच्या जोडणीतून ते बनले असून नॉर्स आणि गेल लोकांच्या मिश्र समाजाला ते लावले जाई. ज्या वस्तीत माणसाचा धर्म विचारून काम दिले जात होते, तेथे संमिश्रतेचे नाव निवडणे हे सहज झालेले नाही.

गालगेलचे काम कार्यशाळेतले आहे. दीर्घकाळ बेकार असलेली, दारू आणि अमली पदार्थांत सापडलेली, तुरुंगातून आलेली माणसे येथे येतात. लाकूड ओळखणे, तासणे, कोरणे, फळ्या जोडून होडी तयार करणे हे शिकतात. त्यांनी वल्ह्या-शिडांची पारंपरिक 'बर्लिन' जातीची नाव बांधून क्लाइडमध्ये सोडली. ज्या नदीवर हजारो टनांची जहाजे उतरली, तेथे एका लाकडी नावेचे काय महत्त्व? अर्थशास्त्राच्या वहीत काहीच नाही. पण तिसऱ्या पिढीच्या बेकार माणसाला 'हे मी बांधले' असे म्हणता येणे, ही त्याच्या मनुष्यत्वाची पुनःस्थापना होय.

जुन्या दगडांची कथाही अशीच आहे. १८५५ मध्ये चर्चच्या दफनभूमीत कबर खणताना कोरीव दगडी शवपेटी सापडली. एकोणिसाव्या शतकात पंचेचाळीसहून अधिक कोरीव दगडांची नोंद झाली होती. त्यांपैकी ३१ आज चर्चमध्ये आहेत. व्हायकिंग धाटणीच्या, कमानदार पाठीच्या पाच प्रचंड शिळा त्यांत आहेत. उरलेले दगड १९७३ मध्ये शेजारच्या गोदीच्या इमारती पाडताना ढिगाऱ्यात चिरडले गेले असे सर्वांनी धरून चालले होते. २००७ मध्ये चर्चमधील नियमित उपासना थांबली, तेव्हा वास्तूचे काय होणार हा प्रश्न उभा राहिला. ती स्थानिक विश्वस्त संस्थेने सांभाळली. २०१९ मध्ये रहिवाशांच्या सहभागाने उत्खनन चालू असताना एका शाळकरी मुलाला हरवलेल्या दगडांपैकी पहिला मिळाला आणि पाठोपाठ आणखी दोन मिळाले. तज्ज्ञ आणि रहिवासी एकत्र काम करतात तेव्हा इतिहास कोणाला सापडतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

फेअरफील्डच्या मालकांची १८९० च्या सुमारास बांधलेली भव्य कचेरी या शतकाच्या प्रारंभी ओस पडली होती. गव्हनमध्येच १९८१ मध्ये निघालेल्या, लहान धंद्यांना जागा देणाऱ्या स्थानिक संस्थेने ती ताब्यात घेऊन दुरुस्त केली आणि २०१३ मध्ये तेथे गोदीच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले. ज्या दालनात मालक बसत, तेथे आता कामगारांची हत्यारे, छायाचित्रे आणि आठवणी आहेत.

आणि शेवटी पुतळा. मेरी बार्बर यांचे स्मारक व्हावे म्हणून नागरिकांनी समिती स्थापून, निधी उभारून अनेक वर्षे खटपट केली. ८ मार्च २०१८ रोजी, जागतिक महिला दिनी, गव्हन क्रॉस येथे शिल्पकार अँड्र्यू ब्राउन यांनी घडवलेल्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्यात बाई एकट्या नाहीत. त्यांच्या मागे मोर्चाची रांग आहे. मालकांचे पुतळे एकेकटे उभे आहेत; हा पुतळा समुदायाचा आहे.

६

गव्हनचे गोडवे गाऊन थांबणे हा त्या माणसांवरच अन्याय होईल. गव्हनच्या काही भागांत दारिद्र्य आणि अनारोग्य आजही ठाण मांडून आहे. संग्रहालयाने गोदीतील हजारो नोकऱ्या परत येत नाहीत. फेअरफील्डच्या जागी आजही एक गोदी चालू आहे, पण ती युद्धनौका बांधते. म्हणजे पोटासाठी युद्धाच्या तयारीवर अवलंबून राहण्याची सक्ती संपलेली नाही. १९६६ मध्ये बंद झालेल्या होडीच्या जागी सप्टेंबर २०२४ मध्ये गव्हन आणि पार्टिक यांना जोडणारा पादचारी पूल खुला झाला. पुलावरून रोजगार येईल तसे जमिनीचे भावही येतील, आणि ज्यांनी वस्ती जगवली त्यांनाच ती परवडेनाशी होण्याचा धोका आहे. १९१५ चा प्रश्न नव्या वेषात पुन्हा दाराशी उभा आहे.

शिवाय स्मृती निवडक असते. गोदीचा अभिमान जपताना कॅथलिक हमाल, १९१९ मध्ये मार खाल्लेला कृष्णवर्णीय खलाशी आणि मुंबईच्या बोटीवर कोळसा ओढणारा हिंदी कामगार यांना त्या संग्रहालयांत किती जागा मिळते, यावर त्या अभिमानाची नैतिक प्रत ठरेल. शोषितांनी लिहिलेला इतिहासही दुसऱ्या शोषिताला वगळू शकतो.

तरीही गव्हनने एक गोष्ट निर्विवादपणे दाखवून दिली आहे. बाग दान मिळाली तेव्हा वस्ती कृतज्ञ झाली, प्रदर्शन भरले तेव्हा प्रेक्षक झाली. पण जिना अडवला, गोदी चालवली, चाळ सुधारली, नाव बांधली, तेव्हा ती कर्ती झाली. संस्कृती या कर्तेपणातून जन्मते. तिच्यासाठी हातांना काम, माथ्यावर स्वतःचे छप्पर आणि आपल्या पूर्वजांची नोंद ठेवण्याचा अधिकार ही तिन्ही एकत्र असावी लागतात. यांतील एक जरी दुसऱ्याच्या हाती राहिले, तरी उरते ती सजावट. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या वस्तीतल्या बंद कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून प्रथम हे तपासावे की त्या जागेचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, तेथील हजेरीपट कोठे आहे आणि त्यातली नावे अजून कोणाला तोंडपाठ आहेत. ती माणसे हयात आहेत तोवर हे काम सुरू झाले पाहिजे.